हुंकारावाचून अडलेली गोष्ट

एका राज्यात राजा जन्माने होत नसे, निवडून येत असे. राज्याच्या मधून नदी वाहायची. अल्याडचे आणि पल्याडचे लोक रांजणांत खडे टाकायचे. ज्याच्या रांजणात खडे जास्त, तो राजा. काय ते दिवस होते! जत्रेला दोन्ही तीर नदीतल्या वाळूवर एका पंगतीला बसायचे. अल्याडची भाकरी, पल्याडचं दही. नुसती आठवण आली तरी जीव हळहळतो बघा.

मग एका दुष्काळात पाण्यावरून भांडण पेटलं. पल्याडच्यांनी बांध फोडला, अल्याडची वस्ती वाहून गेली. अल्याडच्यांनी चिडून पल्याडची कोठारं पेटवली, आतली माणसं जळाली. तेव्हापासून अल्याडची साळुंकी बांधाची गोष्ट सांगे, पल्याडचा राघू कोठारांची. त्या राज्याची रीत अशी, की ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हटल्याशिवाय सांगणाऱ्याने पुढे जायचं नाही. जो तो आपल्याच पाखराला हुंकार देई. दुसऱ्याची गोष्ट पहिल्याच वाक्याला अडे.

पुढे अल्याडचा रणधवल राजा झाला. माणूस भला. पण त्याला वाटलं, ही पाखरंच भांडणाचं मूळ. “जुनी मढी उकरू नका,” म्हणाला, आणि दोन्ही पाखरं सोन्याच्या पेटीत कोंडून पेटी डोंगरातल्या गुहेत ठेवली. कसली ही दुर्बुद्धी! त्याच दिवशी त्याची पावलं दगडाची झाली. मग गुडघे, मग कंबर.

राजकन्या कुमुदिनी भृंगनाथ मांत्रिकाकडे धावली. “महाराज, माझे बाबा वाचतील का?”

“ज्याने गोष्ट कोंडली, तो स्वतःच कोंडला जातो,” मांत्रिक म्हणाला. “तीन कामं कर. पेटी उघड. पल्याडची गोष्ट शेवटपर्यंत ऐक. मग आपली गोष्ट पल्याडच्यांना ऐकव. दगड डोक्यापर्यंत चढायच्या आत!”

पेटीवर नाग बसला होता. त्याने विचारलं, “आधी कोणाचं पाखरू सोडशील?”

“पल्याडचं.”

“ते का?”

“आमचं आधी सोडलं, तर दुसरं ऐकायला मी थांबणार नाही. मला माझा स्वभाव ठाऊक आहे.”

नाग हसला आणि बाजूला झाला.

कुमुदिनीने दोन्ही पाखरं नदीतल्या वाळूवर आणली. दवंडी ऐकून दोन्ही तीरांचे लोक जमले. राजाला गाडीतून आणलं; दगड छातीपर्यंत चढला होता. राघू बोलू लागला.

“दुष्काळ होता.”

“हूं,” कुमुदिनी म्हणाली.

“पहाटे अल्याडचे मशाली घेऊन आले.”

“हूं.”

“सगळ्यांत पुढे तुझे आजोबा होते. आत माणसं आहेत हे कळूनही कोठाराला बाहेरून कडी त्यांनीच घातली.”

कुमुदिनीचा हुंकार अडला. आजोबा! खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारे, ऊस सोलून देणारे आजोबा! मागून अल्याडचे ओरडले, “खोटं आहे! हुंकार देऊ नकोस!” दगड राजाच्या गळ्यापाशी आला.

राजा कसाबसा बोलला, “खरं आहे, पोरी. मला ठाऊक होतं. म्हणूनच तर मी पाखरं कोंडली.”

कुमुदिनी ढसाढसा रडली. रडता रडताच म्हणाली, “हूं.”

राघूने गोष्ट पुरी केली. कोठारात जळालेल्या एकेकाचं नाव घेतलं. दगड गळ्यापाशीच थांबला.

आता साळुंकीची पाळी. “बांध फुटला तेव्हा लेकरं पाळण्यात होती,” ती म्हणाली आणि थांबली. पल्याडून हुंकार येईना. सगळे माना खाली घालून उभे. तेवढ्यात गर्दीतून चंपावती नावाची म्हातारी पुढे आली. तिची आई कोठारात जळाली होती. तिने पदराने डोळे पुसले.

“हूं,” ती म्हणाली. “सांग बाई, पुढं सांग. कोण कोण गेलं?”

मग तिच्या मागून एकेकाचा हुंकार येऊ लागला. साळुंकीची गोष्टही पुरी झाली. दगड तडकला, गळून पडला, आणि राजा वाळूवर कोसळला. उठून तो चंपावतीपाशी गेला, हात जोडले.

“आजी, माफी मागायला मला तोंड नाही.”

“माफीचं मागाहून बघू,” म्हातारी म्हणाली. “आज अल्याडच्यांनी माझ्या आईचं नाव ऐकलं. इतकी वर्षं ती जळतच होती रे. आज विझली.”

राजाने मान खाली घातली आणि म्हटलं, “हूं.”

तुम्हां-आम्हां सर्वांना अशी ऐकणारी माणसं लाभोत.