आंबोड्याची सून आणि तीन राघू

एका राज्यात सोमध्वज नावाचा राजा होता. राज्यावर संकट आलं की तो चौकशीसभा बोलावी. सभेत तीन सभासद, समोर एक साक्षीदार, मध्ये पाण्याने भरलेलं घंगाळ. घंगाळात तांब्याची वाटी सोडायची. तिच्या बुडाला बारीक भोक. वाटी भरून बुडाली की घंटा वाजे. तेवढ्या वेळात एका सभासदाने विचारायचं आणि साक्षीदाराने सांगायचं. रीत चांगली होती हो! वाडवडिलांनी विचार करूनच घातली होती.

पण सभेच्या तुळईवर राघू बसत, आणि सगळं बिघडलं ते तिथेच. प्रत्येक सभासदाचा एक राघू. आपला धनी बोलेल तेवढंच तो ध्यानात ठेवी. सभा उठली की धन्याच्या परगण्यात उडत जाई, चावडीवर बसे आणि धन्याच्याच आवाजात सगळं म्हणून दाखवी. लोक माना डोलवीत, "बघा, आपला माणूस कसा गरजला!" साक्षीदार काय म्हणाला ते राघू सांगत नसे, म्हणून लोकही विचारत नसत. मग उत्तर हवंय कुणाला? सभासद अख्खी वाटी आपल्याच बोलण्यात बुडवू लागले. साक्षीदाराने तोंड उघडावं, घंटा वाजावी आणि राघू उडावेत, असं वर्षानुवर्षं चाललं. कुणाला त्यात वावगंही वाटेना. आता बोला!

त्या राज्याच्या उत्तरेला आंबोडे नावाचं गाव होतं. गावामागच्या डोंगरात सोन्याचा शापित हंडा पुरलेला. सभेने ठराव केला की हंडा काढावा आणि सोनं रयतेला वाटावं. हंडा निघाला, झाकण उघडलं, आणि आतून हिरवा धूर निघाला. धूर गावावर उतरला आणि आंबोड्याची माणसं पायांकडून दगड होऊ लागली. पाणी भरणारी विहिरीपाशी, नांगर धरलेला नांगरापाशी, जो जिथे होता तो तिथेच रुतला. दगड साऱ्यांच्या अंगावर सारखाच चढत होता, आणि जितका वर तितका भरभर.

गावातली राधक्का तेवढी बाजाराला गेली होती म्हणून वाचली. परत येऊन पाहते तो अंगणात सून उभी, पाय पाषाणाचे. सुनेचं नाव केतकी. ही केतकी कोण, तर सभासद दंडपाणी यांची एकुलती एक लेक. म्हातारीने कपाळ बडवून घेतलं, पण रडत बसली नाही. सुनेला दोराने बैलांकडून ओढवून बैलगाडीत उभी बांधली, चार बैल जुंपले आणि थेट राजधानी गाठली. सभेच्या दारात गाडी थांबली तेव्हा दगड गुडघ्यांच्या वर आला होता. भालदारांनी केतकीला उतरवून सभेत उभी केली.

राजाने डोंगराचा राखणदार मांत्रिक विखारनाथ याला साक्षीला बोलावलं. तो आला. राखेने माखलेला, हातात सापाच्या हाडांची माळ. त्याने नमस्कार केला.

"महाराज, उतारा मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण मंत्राची अट आहे. सभासदाने मला साधा प्रश्न विचारावा आणि माझं उत्तर पुरं होईपर्यंत गप्प राहावं. न विचारता सांगितलं तर उतारा फुकट जाईल. दगड ओठांवर चढला की मात्र माझ्याही हातात काही नाही."

राधक्का पुढे सरसावली. "मीच विचारते की! सांग बाबा!"

"आई, मंत्राला सभासदच लागतो," विखारनाथ म्हणाला.

म्हातारीला धीर आला. सभासद एक सोडून तीन होते, त्यातला एक तर पोरीचा जन्मदाता. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. एवढं तर कुणीही करील, असं तिला वाटलं. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. मलाही वाटलं होतं!

पहिली वाटी सोडली. सभासद सिंहकर्ण उठले. धिप्पाड देह, छातीवर रुळणारी दाढी. त्यांनी मांत्रिकाकडे बोट रोखलं, पण मान वर तुळईकडे.

"या राज्यात मांत्रिकांची मिजास चालणार नाही!" ते गरजले. "माझ्या परगण्यातल्या आयाबहिणी आज मला विचारताहेत, सिंहकर्णा, तू कुठे आहेस? मी सांगतो, मी इथे आहे! सांग मांत्रिका, तुला लाज आहे का? आणि असली, तर ती कुठे ठेवलीस?"

"सभासद महाराज, उतारा विचारा," विखारनाथ हळूच म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस! वेळ माझा आहे!"

वाटी बुडाली. घंटा वाजली. दगड केतकीच्या कमरेशी आला. चढताना बारीक करकर आवाज येत होता, आणि तो सभेत सगळ्यांना ऐकू येत होता, बरं का. कुणी बहिरं नव्हतं.

दुसरी वाटी सोडली. सभासद मोहनावती उठल्या. या गरजत नसत, या रडत. पदर डोळ्यांना लावून त्या केतकीपाशी आल्या, तिचा हात हातात घेतला आणि वळून अशा उभ्या राहिल्या की राघूला दोघी नीट दिसाव्यात.

"हा हात पाहा," त्या म्हणाल्या. "अजून ऊन आहे. या हाताने कुणासाठी भाकरी थापली असेल! मला रात्र रात्र झोप नाही. मी विचारते, हे असं कसं झालं? कुणी होऊ दिलं? मी विचारते, आणि विचारतच राहणार!"

"मग विचारा ना, बाईसाहेब," राधक्का कळवळून ओरडली. "आणि मग जरा थांबा!"

भालदाराने म्हातारीला मागे सारलं. मोहनावती आणखी थोडं रडल्या. खोटं कशाला सांगू, सुरेख रडल्या. वाटी बुडाली, घंटा वाजली, आणि त्यांच्या हातातला केतकीचा हात गार पडला. त्यांनी तो चटका बसल्यागत सोडला आणि जागेवर जाऊन बसल्या. अहो, बसल्या! मी हे डोळ्यांनी पाहिलेल्यांकडून ऐकलंय, तरी अजून माझा विश्वास बसत नाही.

राजा सोमध्वज सिंहासनाची कड घट्ट धरून बसला होता. तिन्ही वाट्या बुडेपर्यंत राजाने बोलू नये, अशी रीत. ती मोडायची त्याची छाती होईना.

तिसरी वाटी सोडली. दंडपाणी उठले. सारी सभा सावरून बसली. राधक्काने हात जोडले. आता बाप उठला होता.

दंडपाणी लेकीजवळ गेले. दगड तिच्या खांद्यांवर आला होता. त्यांनी तिच्या पाषाणाच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले, उघडले, आणि बोलू लागले.

"सभाजनहो, आज इथे सभासद उभा नाही. आज इथे एक बाप उभा आहे."

तुळईवरचा राघू एक पाऊल पुढे सरकला.

"ही माझी लेक. हिला मी कडेवर खेळवलं. मांत्रिका, तुला लेक आहे का? बापाचं काळीज काय असतं, ठाऊक आहे का तुला? मी आज माझं दुःख बाजूला ठेवतो. मी माझ्या परगण्याच्या प्रत्येक लेकीसाठी बोलतो..."

डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. म्हणून तर अंगावर काटा येतो! माणूस खरं रडत होता आणि ते रडणं नीट ऐकू जावं म्हणून हनुवटी वर धरत होता. वाटी निम्म्याहून जास्त भरली. दगड केतकीच्या गळ्याला लागला.

"बाबा," केतकी म्हणाली.

आवाज इतका बारीक की दंडपाणी बोलतच राहिले.

"बाबा, तुम्ही कुणाशी बोलताय?"

दंडपाणी थांबले. त्यांनी लेकीकडे पाहिलं. सभा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं, असं म्हणतात. तिचे डोळे तेवढे हलत होते. मग ती जिकडे पाहत होती तिकडे, वर तुळईकडे, त्यांची नजर गेली. राघू चोच उघडी ठेवून पुढच्या शब्दाची वाट पाहत होता.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. घंगाळात वाटी थोडीच रिकामी उरली होती.

"उतारा काय?" त्यांनी विचारलं. एवढंच विचारलं, आणि गप्प बसले.

"हरकत आहे!" सिंहकर्ण उठून ओरडले. "असा प्रश्न..."

राधक्काने भालदाराच्या हातातला दंड ओढून घेतला आणि सिंहकर्णांच्या पुढ्यात आदळला. ते मटकन खाली बसले.

विखारनाथ बोलू लागला. वाटी पाण्यात असताना साक्षीदाराचा आवाज सलग ऐकू यायची, कित्येक वर्षांतली ती पहिलीच वेळ असावी.

"हंडा काढण्याआधी तुम्ही मला याच जागी साक्षीला बोलावलं होतं. झाकण उघडण्यापूर्वी गाव रिकामं करा, एवढंच सांगायला मी आलो होतो. तेव्हाही तीन वाट्या सोडल्या. तिन्ही तुमच्याच बोलण्यात बुडाल्या. शाप हंड्यात होता. तो गावावर सोडला तुमच्या बडबडीने. जे तेव्हा गरजले, त्यांनी आज आपल्या तोंडाने म्हणावं, की हा सांगायला आला होता आणि आम्ही याला बोलू दिलं नाही. राघूंनी ते ऐकावं आणि परगण्यांत जसंच्या तसं सांगावं. हाच उतारा."

वाटी बुडाली. घंटा वाजली.

"हा सांगायला आला होता," दंडपाणी म्हणाले, "आणि मी याला बोलू दिलं नाही." त्यांच्या राघूने डोकं तिरकं केलं, जणू त्याला आपला धनी ओळखू येईना. मग तो उडाला. दगड चालतच राहिला, पण चाल मंदावली.

मोहनावतींनी आधी आपल्या राघूवर शाल टाकली आणि मग पुटपुटल्या.

"राघूने ऐकलं पाहिजे, बाईसाहेब," विखारनाथ म्हणाला.

त्यांनी शाल काढली. या खेपेला पदर डोळ्यांना लावला नाही. वाक्य म्हणताना आवाज फाटला आणि दिसायलाही त्या मुळीच बऱ्या दिसत नव्हत्या. राघू उडाला. दगड हनुवटीवर येऊन रेंगाळला.

राहिले सिंहकर्ण. साऱ्या सभेने त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले, दाढीवरून हात फिरवला.

"त्या वेळची परिस्थिती पाहता," ते म्हणाले, "काही जणांकडून ऐकण्यात थोडी..."

दगड केतकीच्या खालच्या ओठाला भिडला. मेल्या, काय तोंड आहे की काय आहे तुझं! माफ करा, पण इथे आलो की माझा तोल जातो. गाव मरतंय, समोर पोर मरतेय, आणि हा शब्द निवडतोय!

तेव्हा राजा उठला. तिन्ही वाट्या बुडाल्या होत्या. त्याला बोलायची मोकळीक होती, पण तो बोलला नाही. तो चालत सिंहकर्णांपर्यंत गेला, त्यांचा हात धरून त्यांना केतकीपुढे नेलं आणि तिच्या डोळ्यांसमोर उभं केलं. फार वेळ उरलाच नव्हता. पण सिंहकर्णांनी त्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यांची छाती एकाएकी खाली बसली.

"हा सांगायला आला होता," ते म्हणाले, "मी बोलू दिलं नाही."

तिसरा राघू उडाला.

कडाड् असा आवाज झाला आणि केतकीच्या अंगावरचा दगड खपल्यांनी गळून पडला. तिकडे आंबोड्यात विहिरीवरच्या बाईने अवघडलेला हात झटकून घागर उचलली, आणि नांगर धरलेल्या गड्याने बैलांना हाक दिली. डोंगरातल्या हंड्याचं झाकण आपोआप बसलं.

राजाने नवी रीत घातली. प्रश्नाची वाटी वेगळी, उत्तराची वेगळी, आणि उत्तराची मोठी. तीन परगण्यांत राघूंनी ती तीन वाक्यं म्हटली तेव्हा लोक हबकले, म्हणे. कुणी मान डोलवली नाही. सिंहकर्णांचा राघू तर चावडीवर मुक्काम ठोकून तेच म्हणत राहिला. लोकांनी हाकलून पाहिलं, जाईना.

सभा रिकामी झाली. केतकी दारातल्या गाडीच्या चाकाला टेकून बसली होती. राधक्का तिचे पाय चोळत होती. दंडपाणी आले आणि समोर जमिनीवर बसले. हात लेकीकडे गेले आणि अर्ध्या वाटेवर थांबले.

"केतकी, बाळ, आज मला..." त्यांनी सुरुवात केली.

केतकीने उघड्या दारातून आत तुळईकडे पाहिलं. राघू आहे का, तेच पाहत होती ती. जन्मदात्या बापाने तोंड उघडलं की लेकीने आधी तेच पाहावं! तुळई रिकामी होती, तरी पाहिलं.

दंडपाणींना ते दिसलं. ते बोलायचं थांबले. मान खाली घालून बसले.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "दुखतं का?"

आणि थांबले. केतकीने लगेच उत्तर दिलं नाही. ते वाट पाहत राहिले. बैल रवंथ करत होते, ऊन उतरत होतं, आणि ते तसेच बसून होते.

"गुडघ्यांत दुखतं," अखेर केतकी म्हणाली. "आणि बाबा, मला फार भीती वाटली." मग ती सांगू लागली, अगदी पहिल्यापासून. ते ऐकत राहिले.