हरण्याची वाढीव पेंड

बैल मालकाशी तोंड वर करून बोलत, त्या काळची ही गोष्ट. तेल्याच्या घाण्याला जुंपलेल्या हरण्याने एकदा शेजारच्या गव्हाणीत डोकावून पाहिलं. गाडीच्या चांद्याला दोन पाट्या पेंड, आणि आपल्याला एकच! त्याच्या खुरांची आग शिंगांत गेली.

"धनी, चांद्याइतकाच मीही दिवसभर चालतो. मग मला पेंड निम्मी का?"

तेली गोड हसला. "चांद्या तेल घेऊन रोज बाजारात पोचतो. तू बारा वर्षं चालतोयस बाबा, पण पोचलास कुठे?"

हरण्या खजील झाला. खरंच, तो अजून घाण्यापाशीच होता. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून डोळ्यांना झापडं बांधून घेतली आणि दुप्पट वेगाने फेरे मारू लागला.

"यंदा पोचायचंच!"