एक पालखी, तीन चाली

रणधवल महाराजांचा हुकूम सुटला: गावच्या वेशीपासून मोरकडा गडावरच्या वाड्यापर्यंत पालखी एकाच नियमाने चालली पाहिजे. उद्या दुपारपर्यंत तो नियम सांगा, नाहीतर आठही भोयांनी गड उतरावा आणि दुसरं काम शोधावं.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. वाटेत चिंचेच्या झाडापाशी सपाटी संपते आणि चढ लागतो. तिथे पुढच्या चार भोयांनी पाय आवरले. मागच्या चौघांच्या पायाखाली अजून सपाटीच होती, ते आपल्या भरात आले. पालखी कलंडली आणि महाराज उशांसकट धुळीत बसले. लागलं काहीच नाही. पण पागोटं घरंगळत गेलं आणि शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीने ते झटकून आणून दिलं, हे महाराजांच्या फार मनाला लागलं.

राजपुत्रांना गणित शिकवणारे नरहरशास्त्री लगेच पुढे सरसावले. श्वासाला तीन पावलं, सगळीकडे सारखी, असा नियम त्यांनी काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो करून पाहिला. सपाटीवर बैलगाड्या पालखीला मागे टाकून गेल्या. चढावर भोयांना अशी धाप लागली, की पालखी तीनदा टेकवावी लागली. महाराजांनी शास्त्रीबुवांकडे नुसतं वळून पाहिलं. शास्त्रीबुवांना तेवढं पुरलं.

दुपार झाली. सुभाना भोयाची मुलगी राही बापाची भाकरी घेऊन वाड्यावर आली होती. सुभाना पालखीच्या सगळ्यात पुढे असायचा. वाटेत दगड आला, पायरी आली, की तो हाक द्यायचा, कारण मागच्यांना पुढचं काही दिसत नसे. आज तो भिंतीला टेकून गप्प बसला होता. राहीने भाकरीचं फडकं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि सरळ महाराजांसमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, नियम आहे. वेशीपासून चिंचेच्या अलीकडपर्यंत श्वासाला चार पावलं. चिंचेपासून गडाच्या मोठ्या दरवाज्याच्या अलीकडपर्यंत दोन. दरवाज्यापासून वाड्यापर्यंत तीन."

महाराजांनी बोटं मोजून दाखवली. "हे तीन झाले, पोरी. मी एक मागितला होता."

शास्त्रीबुवांनी जोराने मान डोलावली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं आणि महाराजांचं एकमत झालं होतं.

राहीने महाराजांकडे नीट पाहिलं. "आज अंगावर अंगरखे किती घातलेत, महाराज?"

"एक. दिसत नाही?"

"मला दोन बाह्या, छाती आणि खालचा घेर दिसतो. म्हणजे चार."

"अगं, तुकडे चार! अंगरखा एकच!"

महाराजांनी आपल्या बाहीकडे पाहिलं, मग घेराकडे, मग शास्त्रीबुवांकडे. शास्त्रीबुवांची मान डोलायची थांबली होती.

पण हट्टी माणूस इतक्यात ऐकतो थोडाच! महाराज पुढे झुकले. वाटेवर कुठलीही जागा सांगितली, तर तिथली चाल एकच निघते, एवढं त्यांनी मान्य केलं. मग मिशीवर बोट फिरवत विचारलं, "आणि पालखी नेमकी चिंचेपाशी असेल तेव्हा? चार की दोन?"

सुभानाच्या हातातला घास हातातच राहिला.

"दोन," राही म्हणाली. "मी 'चिंचेपासून' म्हटलंय. आणि चिंच गाठली की नाही, हे फक्त पुढच्या भोयाच्या पावलावरून ठरेल. तो हाक देईल आणि आठही जण एकदम चाल बदलतील. मागचे सपाटीवर असले तरीही."

"आणि मी म्हटलं, चिंच चारांत धरा, तर?"

"तर तसं. चिंच कुणालाही द्या, पण एकालाच द्या. काल ती दोघांची होती, म्हणून पालखी कुणाचीच राहिली नाही."

महाराज एवढे हसले, की पागोटं सावरायला दोन्ही हात लागले. त्यांनी खांद्यावरचा जरीचा शेला काढून राहीच्या हातात दिला. आठही भोयांची चाकरी कायम झाली आणि प्रत्येकाला खांद्यावर, दांडीखाली घ्यायला नवं घोंगडं मिळालं. महाराज त्याच पावली पालखीत जाऊन बसले आणि शास्त्रीबुवांना म्हणाले, "उद्या राजपुत्रांना हा नियम ही पोर शिकवेल. तुम्हीही पाटी घेऊन बसा."