भिवरा कासारीण आणि डोंगरावरची मूठ

एकदा काय झालं, कांकणपूर नावाचं गाव होतं. त्या गावात एक अख्खी गल्ली नुसती बांगड्यांची. सगळ्यात मोठं दुकान वेंकूशेटचं, गल्लीच्या अगदी तोंडाशी. आणि सगळ्यात धाकटं दुकान भिवरा कासारणीचं, पार टोकाला. दुकान तरी कसलं? एक पाट, एक शेगडी आणि वर गवताचं छप्पर. भिवरा लाखेच्या बांगड्या करायची. शेगडीवर लाख मऊ करायची, पाटावर वळायची, गोल करायची. हात मोठा हलका होता तिचा, बरं का. पण टोकापर्यंत गिऱ्हाईक पोचायचंच नाही. वाटेतच बायकांचे हात भरून जायचे.

मग एक दिवस तिचा भाऊ आला. म्हणाला, "भिवरे, पुरे झालं हे दुकान. चल माझ्या घरी. वहिनीला हाताखाली कुणीतरी हवंच आहे."

भिवरानं हातातली लाख काही खाली ठेवली नाही. ती म्हणाली, "दादा, जत्रेपर्यंत थांब. मी काहीतरी वेगळं करून बघते."

मग तिनं काय केलं, राघूच्या पंखांसारख्या पोपटी बांगड्या केल्या. तसला रंग गल्लीत कुणीच पाहिला नव्हता. दोघीतिघी बायका टोकापर्यंत चालत आल्या. भिवराला कोण आनंद! पण दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर काय? सगळी गल्ली पोपटी! वेंकूशेटच्या दुकानात तर पोपटी बांगड्यांच्या माळाच टांगलेल्या. भिवरा तोंडात बोट घालून उभी.

मग तिनं बांगड्यांना बारीक घुंगरू लावले. छुन छुन छुन! पण पाणी भरून परत येते तो वेंकूशेटच्या दारातून आवाज, छुन छुन छुन. तिच्यापेक्षा मोठे घुंगरू, तिच्यापेक्षा जास्त.

"अगबाई!" भिवरा मटकन खालीच बसली. आता आणखी काय करायचं?

आणि तेवढ्यात, बरं का, भर दुपारी जमीन हादरली. धाड! धाड! पाटावरच्या बांगड्या उड्या मारायला लागल्या. लोक ओरडले, "राक्षसीण आली! डोंगरावरची राक्षसीण!" पटापटा दारं लागली. वेंकूशेट तर स्वतःच्याच पेटीत शिरून बसला. भिवरानंही पळायचं ठरवलं, पण पाय उचलतायत कुठले? ती पुतळ्यासारखी बसून राहिली.

मग वरून एक मूठ खाली आली. रांजणाएवढी! काळी, खडबडीत, गच्च आवळलेली. ती भिवराच्या पाटासमोर येऊन थांबली. आता ही मला चिरडणार, असं म्हणून भिवरानं डोळे मिटले.

काहीच झालं नाही. तिनं हळूच एक डोळा उघडला. बघते तर मूठ थरथरत होती.

भिवराला वाटलं, अरे, ही मूठ तर मला ओळखीची आहे! पहिल्यांदा बांगड्या भरायला आलेल्या पोरी अश्शीच मूठ आवळतात. ही रागावलेली नाही. ही घाबरलीय!

"बाय गं," भिवरा म्हणाली, "बांगड्या हव्यात का तुला?"

वरून ढगांतून आवाज आला, "हो. पण दुखेल का?"

भिवरा थक्क झाली. मग तिनं पोहऱ्याचा दोर घेतला नि मुठीचं माप काढलं. दुकानातली सगळी लाख, पोपटी म्हणू नका, लाल म्हणू नका, होती नव्हती ती सगळी वितळवली. आसपासच्या खिडक्यांतून लोक बघत होते. "वेड लागलं हिला!" म्हणत होते. भिवरानं लाख वळली आणि गाडीच्या चाकाएवढ्या बांगड्या केल्या.

त्या निवेपर्यंत तिनं राक्षसिणीचा हात मांडीवर ओढून घेतला. मावतोय कुठला? एक बोटच मावलं. त्या बोटात बाभळीचे काटे होते. भिवरानं ते एकेक काढले, तेल चोळलं, आणि बोलत राहिली. आई कुठे असते, भावंडं किती, कोणता रंग आवडतो. बोलता बोलता मूठ सैल झाली. कमळासारखी उघडली बघा! आणि बांगड्या सर्रकन मनगटावर.

"झालंसुद्धा?" राक्षसीण म्हणाली आणि रडायलाच लागली. "आजवर माझा हात कुणी हातात घेतला नव्हता गं!" मग बांगड्या भरल्यावर करतात तसा तिनं वाकून भिवराला नमस्कार केला. तिच्या वाकण्याच्या वाऱ्यानं दुकानाचं छप्पर उडालं ते गावाबाहेर जाऊन पडलं. पण भिवराला आता भीती वाटत नव्हती. ती खो खो हसत होती.

मग काय, बातमी पसरली. दगड फोडणाऱ्या बायका आल्या, भेगा पडलेले हात घेऊन. बोटं वाकडी झालेल्या म्हाताऱ्या आल्या. आजवर त्यांना सगळ्यांनी "तुमच्या मापाच्या नाहीत" म्हणून परत पाठवलं होतं. एकदा तर विहिरीतून नुसता एक हिरवा, ओला हात वर आला! भिवरा दचकली, पण तोही तिनं पुसला नि भरला. भावाला निरोप धाडला, "दादा, मी काही येत नाही."

वेंकूशेटला ते कसं बघवणार? त्यानं त्याहून मोठ्या, सोनेरी बांगड्या केल्या आणि राक्षसिणीच्या धाकट्या बहिणीला बोलावलं. ती बिचारी मूठ आवळून आली. वेंकूशेटनं घाबरून डोळे मिटले आणि बांगडी दाबली. कट्कन मोडली! पोरगी जी हुंदके द्यायला लागली, त्या हुंदक्यांनी वेंकूशेटच्या सगळ्या बांगड्या उडाल्या आणि गावभर पाऊस पडला. बैलांच्या शिंगांत बांगड्या, देवळाच्या कळसावर बांगड्या!

वेंकूशेट धावत भिवराकडे आला. पागोटं कुठे, तो कुठे. "भिवराबाई, चला हो! तुम्ही तिच्या बहिणीला असं केलंत तरी काय?"

"काही नाही शेट," भिवरा म्हणाली. "आधी तिचा हात हातात घेतला."

भिवरा उठली, त्या रडणाऱ्या पोरीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "शेट, तुम्हीही बसा इथे. हे बोट धरा. हळू. ती तुम्हाला खात नाही." शेटनं कापत कापत बोट धरलं. ते बोट गरम होतं, लहान पोराच्या हातासारखं. मग शेटचं कापणं थांबलं, आणि पोरीचं रडणंही.

तेव्हापासून कांकणपुरात कुणीच रिकाम्या हातानं परत गेलं नाही. भिवरा सुखात राहिली, राक्षसिणी सुखात राहिल्या. तुम्हीही आता गुपचूप कुशीवर वळा, डोळे मिटा. गोष्ट निजली, आता तुम्ही निजा.