चार रिकाम्या मात्रा

"मग सही का करत नाही, सर?"

श्रीरंग उपासनीचा आवाज चढला होता. टेबलावर त्याचा प्रबंध, एकाच गाजलेल्या गाण्यावरचा. सरांची सही झाली तरच तो पुढे जाणार, नाहीतर सगळी वर्षं पाण्यात.

कोरगावकर सर बशीतला चहा फुंकत राहिले. विद्यापीठातला लोकप्रिय संगीताचा आमचा विभाग त्यांनीच उभा केलेला. मी त्यांचा पेटीवाला. कोपऱ्यात बसून भाता पुसत होतो आणि कान तिकडेच होते, कशाला लपवू.

"निष्कर्ष काय काढलास?" सरांनी विचारलं.

"की यात काही नाही. जत्रेत हेच गाणं, वरातीत हेच गाणं, आणि सूर अवघे तीन. ना राग, ना बढत. लोकांना आवडतं, कारण लोकांना कळत नाही."

शास्त्रीय गाण्यात वाढलेला पोरगा. गळा सोन्यासारखा, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

सरांनी पानं उलटली. एका ठिकाणी बोट ठेवलं. गाण्याचे सूर लिहिलेले होते, आणि मुखड्याच्या शेवटी नुसत्या चार आडव्या रेघा.

"इथे काय आहे?"

"काही नाही. चार मात्रा रिकाम्या सोडल्यात. रचनेतला दोष आहे तो."

"असं..." सरांनी बशी खाली ठेवली. "परवा संमेलन आहे. हे गाणं तू म्हण."

"मी? हे?"

"म्हण तर. सहीचं मग बघू."

श्रीरंगनं माझ्याकडे पाहिलं. मी भात्याकडे.

संमेलनाला मैदान गच्च भरलेलं. पोरंपोरी, माळी, खानावळीतल्या मावश्या, झाडून सगळे. पेटीवर मी पहिला सूर धरला आणि एकच आरोळी उठली.

श्रीरंग सुरेख गायला. खोटं कशाला बोलू?

मुखडा संपला. चार मात्रा आल्या. आणि तिथे त्यानं एक लखलखीत तान भरली. गवयाच्या घरचा तो, त्याला रिकामी जागा बघवेल कशी?

लोकांनी हात वर केले होते. ते तसेच राहिले... मग एकेक करून खाली आले.

शिट्टी नाही. टाळी नाही.

"चुकलं का रे कुठे?" कडव्याच्या आधी तो माझ्याकडे वाकून पुटपुटला. चेहरा पांढरा पडला होता.

मी मान खाली घातली. ते मी सांगायचं नव्हतं.

कडवं झालं. मुखडा पुन्हा आला. हात पुन्हा वर गेले.

श्रीरंगनं तानेसाठी श्वास भरला... समोर पाहिलं... आणि तो श्वास तसाच धरून ठेवला.

अख्खं मैदान टाळीवर आलं. चारही मात्रा. एक हात मागे नाही, एक पुढे नाही. कुणी शिकवलेलं नव्हतं, कुणी मोजत नव्हतं. व्यासपीठाच्या फळ्या माझ्या मांडीखाली थरथरल्या. जन्मभर हे गाणं वाजवतोय मी, तरी अंगावर सर्रकन काटा आला.

श्रीरंगला पुढची ओळ उचलता आली नाही. ती ओळ लोकांनीच म्हटली, त्याच्यासाठी, आणि तो हात जोडून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. प्रबंध छातीशी धरलेला.

"उंटावरून शेळ्या हाकत होतो मी, सर."

सरांनी समोरची खुर्ची दाखवली.

"काल तिथे काय झालं, ते लिहायला बसलो. एक शब्द सुचला नाही. भीतीच वाटली, सर... गाभाऱ्यात एकटं उभं राहिल्यावर वाटते ना, तशी." त्यानं ते पान उघडून समोर ठेवलं. चार रेघा तशाच होत्या. "जागा मोकळीच राहिली. आता सही नका करू."

सरांनी चष्मा लावला. त्या रेघांकडे कितीतरी वेळ पाहिलं.

मग पेन काढलं. रेघांच्या शेजारी, वहीत करतात तशी, बरोबरची खूण केली. टोपण लावून पेन खिशात टाकलं.

"एवढं बरोबर आहे," ते म्हणाले. "बाकीचं पुन्हा लिही."