विहिरीतली तांबडी माती

राहीकाकूंच्या विहिरीला आठवडाभर नुसतं गढूळ पाणी येत होतं. त्या विहिरीवर डोळा असलेल्या इनामदारांना तेवढं निमित्त पुरलं. चावडीवर अख्ख्या गावासमोर ते गरजले, "विहीर नासली. आजच बुजवून टाका!"

गडी दगडांच्या पाट्या उचलायला धावले. विहिरीच्या गढूळ पाण्यानं भरलेली घागर घेऊन काकू पुढे झाल्या. "सरकार, तोंडातलं पान संपेपर्यंत थांबा. मग खुशाल बुजवा."

घागर त्यांनी आतून निवळीच्या बीनं घासून आणली होती. इनामदारांचं पान संपेपर्यंत सगळा गाळ तळाशी बसला. वरचं नितळ पाणी काकूंनी अलगद लोकांच्या ओंजळीत ओतलं.

"आणि खालचा गाळ?" इनामदार खेकसले. "तो तुझ्या विहिरीचाच ना?"

काकूंनी गाळ तळहातावर घेतला. तांबडाभडक, वर हळद-तेलाचा वास! काळ्या रानाच्या त्या गावात तांबडी माती एकाच ठिकाणी होती, इनामदारांच्या तालमीत, हळद-तेल घालून मळलेल्या कुस्तीच्या हौद्यात. आणि ती काही आपल्या पायांनी चालत विहिरीत आली नव्हती.

गड्यांनी पाट्या खाली ठेवल्या.

"पाणी माझं आहे सरकार, माती तुमची," हात पुढे करत काकू म्हणाल्या. "ही पाठीला लागली की कुस्ती संपते ना? घ्या, लावून घ्या."