बसून घासायची खाच

पायऱ्या चढून दारातून आत आलात की उजव्या हाताची भिंत आधी पाहा. देव मागून पाहिला तरी चालेल, महादेव काही पळून जात नाही. या तांबूस दगडात कमरेच्या उंचीवर अकरा खाचा आहेत, मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी मोबाईलवर इजिप्तच्या देवळांचे फोटो दाखवले. तिकडच्याही भिंती अशाच खरवडलेल्या, आणि तिकडच्या बायाही म्हणे मूल व्हावे म्हणून त्या दगडाची भुकटी नेत. आमच्या कुरूडघाटात बाळंतपण अडले की नेतात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रागावतात. आम्ही त्यांना हो म्हणतो आणि पदराला चिमूटभर बांधूनच दवाखान्यात जातो.

या खाचा कशा पडल्या ते सांगतो. यात माझ्याच घराण्याची अब्रू जाते, म्हणून मीच सांगितलेले बरे. दुसरा सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल.

पेंढाऱ्यांच्या धामधुमीचा काळ. वैनगंगेच्या काठाने धान कापणीला आले होते आणि सगळे गाव बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, होते. नदीच्या उताराकडून पेंढाऱ्यांचे घोडेस्वार आले. लोक पोरेबाळे उचलून देवळाकडे धावले, कारण दगडी भिंत आणि सागवानी दार गावात एवढेच होते. सगळ्यांच्या हातात विळे होते, काहींच्या खांद्यावर कुऱ्हाडी होत्या. पण या महादेवाला लोखंड चालत नाही. लोखंड पायरीशी ठेवायचे आणि मग वर चढायचे, ही पिढ्यांची सवय. मरण पाठीवर असताना आमच्या लोकांनी काय करावे? विळे खाली ठेवले. एकावर एक, नीट रचून ठेवले, असे सांगतात. मग आत जाऊन दार लावले.

हे आठवले की आजही मला माझ्याच माणसांचा राग येतो.

सहा माणसे मागे राहिली होती, ती पेंढाऱ्यांना सापडली. त्यांत पार्बताचा नवरा झिबल होता. पार्बता ढिवराची, मासे धरणाऱ्या घरची बाई, अंगाने काटक, बोलायला कमी. तिची नऊ वर्षांची मैनू तिच्याबरोबर आत होती. पेंढाऱ्यांच्या म्होरक्याने खालून निरोप दिला की बारा तरण्या बाया बाहेर पाठवा, नाहीतर दाराशी धानाचे वाळके तणस रचून सगळ्यांना धुरी देतो. तोवर रोज सकाळी एक माणूस कापू.

पहिल्या सकाळी एकाला पायरीवर मान ठेवून मारले. आपलाच विळा, आपलीच मान. दुसऱ्या सकाळी झिबलला मारले. कापणीचा विळा धानासाठी असतो, त्याने माणूस लवकर मरत नाही. आत सगळे ऐकत होते. पार्बताने मैनूचे कान दोन्ही हातांनी दाबून धरले होते.

तेव्हा पाटील बोलला. तो आमचा मूळपुरुष. "बारा जनी गेल्या तं शंभर जन वाचतीन," तो म्हणाला. "सांगा, का चुकलं माझं?"

मग पार्बता उठली.

"जातो आमी," ती म्हणाली. "पन एक दिवस मागून घ्या. आमच्या मेलेल्यायसाठी रडू द्या म्हना. अन् तुमची सून धरून बारा, पाटील."

पाटलाने मान डोलावली. म्होरक्याने दिवस दिला. बाया रडणार, त्यात त्याचे काय जाणार होते!

त्या काळी इकडच्या बायांच्या पायांत काशाची जाड वाळी असत. ती निघत नसत. पार्बताने पाय उंबऱ्यावर ठेवला आणि गोट्याने वाळे फोडले. कासे कडक असते, वाकत नाही, तुटते. घोट्याचे कातडे सोलले, हाड दिसले, पण हातात बाकदार तुकडा आला. ती भिंतीशी उभी राहून त्याला धार लावू लागली. ते लोखंड नव्हते, त्यामुळे देवाचा नेमही मोडत नव्हता. तिचे पाहून आणखी दहा जणी उठल्या. बाकीच्या बायांनी मोठ्याने आकांत मांडला, म्हणजे घासण्याचा आवाज बाहेर जाऊ नये. त्यांना खोटे रडावे लागले नाही.

पाटलाची सून मात्र गाभाऱ्यात बसून राहिली. पाटलाने तिला उठू दिले नाही.

सकाळी दार उघडले. पार्बता पुढे होती, हात पदराखाली. तिने मैनूला आजीजवळ बसवून निक्षून सांगितले होते की हलायचे नाही. अकरा जणी बाहेर पडल्या आणि खालून आवाज आला, एक कमी आहे.

पाटलाने मैनूचे बखोट धरले आणि तिला दाराबाहेर लोटले. मग दार लावून घेतले.

पेंढारी हसत पुढे आले, एकेकाने एकेकीला धरले. तेवढेच जवळ यायला हवे होते. पार्बताने म्होरक्याच्या जबड्याखाली तुकडा खुपसून आडवा ओढला. कोणी डोळ्यांत मारले, कोणी पोटात. रक्ताने पायऱ्या इतक्या निसरड्या झाल्या की पळणारे त्यावरच घसरून पडले, आणि बायांनी पायरीशी रचलेले आपलेच विळे उचलून त्यांना तिथेच संपवले. आपल्यातल्या चौघी गेल्या, धरून ठेवलेली चार माणसे तेवढी सुटली. उरलेले पेंढारी बांधलेले घोडे तसेच टाकून नदीत शिरले.

मैनू सर्वात वरच्या पायरीवर सापडली. तिच्या मानेवर विळ्याचा घाव होता. मुठीत तिचे छोटे वाळे होते, अर्धवट घासलेले. आदल्या दिवशी ती आईच्या पायांशी बसून घासत होती, हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

पार्बता आत आली. लोकांना वाटले, आता पाटलाचा गळा चिरणार. तो स्वतःही डोळे मिटून उभा होता. तिने ते वाळे त्याच्या हातात दिले.

"तिचं अर्धं राहिलं," ती म्हणाली. "बस अन् पुरं कर."

"किती घासू, बाई?"

"मी पुरे म्हनीन तवरिक."

पाटील बसला. म्हणे रोज सकाळी येऊन बसायचा, आणि पार्बता मागे येऊन उभी राहायची. वाळे दोन वर्षांत झिजून संपले. मग तो नखांनी घासू लागला, मग बोटांनी. पार्बता एकवीस वर्षे जगली आणि एकदाही पुरे म्हणाली नाही. ती गेल्यावर पाटील रडला, कारण आता पुरे म्हणणारे कोणीच उरले नव्हते.

खाली गुडघ्याशी पाहा, वाकावे लागेल. ही बारावी खाच. सगळ्यांत खोल हीच आहे, आणि हिची भुकटी कोणी नेत नाही.

पाटीलकी आमच्या घरातून तेव्हाच गेली. आजही कुरूडघाटात जो सरपंच होतो, तो खुर्चीवर बसण्याआधी इथे मांडी घालून बसतो आणि या खाचेत उघडी बोटे घासतो. बाई निवडून आली तरी सूट नाही. गेल्या खेपेचा तर खिशात मलमपट्टी घेऊन आला होता. गावच्या बाया मागे उभ्या राहतात. रक्त दिसले की त्याने उठायचे. पुरे मात्र कोणी म्हणत नाही.